दूरस्थ प्रात्यक्षिकाची परंपरा : संगणकाच्या पाठांतील निवेदनपद्धतीचा ऐतिहासिक विचार

१

कौशल्याचे अध्यापन दोन प्रकारांनी होत आले आहे : सांगून आणि करून दाखवून. सुताराचा रंधा, विणकराचा धोटा किंवा वैद्याचा खल ह्यांचे शिक्षण केवळ सांगण्याने पुरे होत नाही. गुरूने हत्यार चालवावे आणि शिष्याने ते पाहावे. मग शिष्याने चालवावे आणि गुरूने पाहावे, असा त्याचा क्रम असतो. ह्या क्रमाचा उत्तरार्ध पुष्कळदा दुर्लक्षिला जातो. वस्तुतः प्रात्यक्षिक चालू असताना पाहण्याची क्रिया दोन्ही बाजूंनी होत असते. शिष्याची दृष्टी गुरूच्या हातावर असते, तर गुरूची दृष्टी शिष्याच्या मुद्रेवर असते. तेथे संभ्रम दिसला की गुरूचा हात आपोआप थांबतो.

संगणकावरील सॉफ्टवेअर शिकविणारे जे पाठ गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आंतरजालावर प्रसृत झाले, आणि ‘वेबिनार’ ह्या नावाने ज्या थेट सभा भरू लागल्या, त्यांत ह्या क्रमाचा पूर्वार्ध पूर्वी कधी नव्हता इतका साध्य झाला आणि उत्तरार्ध जवळजवळ लोपला. पडद्यावरील बाण नेमका कोठे गेला, कोणते अक्षर उमटले, हे विद्यार्थ्याला आता जितके स्पष्ट दिसते तितके पूर्वी पहिल्या रांगेत बसणाऱ्यालाही दिसले नसते. परंतु शिकविणाऱ्याला विद्यार्थी दिसेनासा झाला. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपाद्य असे की, ध्वनीची स्वच्छता, चित्राची सुबकता आणि वक्त्याचे वक्तृत्व ह्यांना महत्त्व असले तरी, अशा पाठाची खरी गुणवत्ता ह्या हरवलेल्या दृष्टीची भरपाई कोणत्या योजनेने केली आहे ह्यावर ठरते.

ह्या विचारात एक भेद आरंभीच स्पष्ट करणे इष्ट आहे. ‘प्रदर्शन’ आणि ‘प्रात्यक्षिक’ हे शब्द व्यवहारात एकमेकांच्या जागी वापरले जातात. तथापि प्रदर्शनाचा हेतू पाहणाऱ्याला थक्क करण्याचा किंवा त्याची खात्री पटविण्याचा असतो, तर प्रात्यक्षिकाचा हेतू पाहणाऱ्याने तीच कृती स्वतः करावी हा असतो. पहिल्यात वेग हा गुण ठरतो, दुसऱ्यात तो दोष ठरू शकतो. संगणकाच्या पाठांचा इतिहास हा पुष्कळ अंशी ह्या दोन हेतूंच्या सरमिसळीचा इतिहास आहे.

२

प्रात्यक्षिकासह व्याख्यान कसे द्यावे ह्याचा बारकाईने विचार करणाऱ्यांत मायकेल फॅराडे ह्यांचे नाव अग्रगण्य आहे. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणाऱ्या ह्या तरुणाने १८१२ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हंफ्री डेव्ही ह्यांची व्याख्याने ऐकली, त्यांची टिपणे काढली, ती स्वतः बांधून डेव्हींकडे पाठविली, आणि मार्च १८१३ मध्ये त्याच संस्थेत तो साहाय्यक म्हणून रुजू झाला. त्याच वर्षीच्या जून महिन्यात फॅराडे ह्यांनी बेंजामिन ॲबट ह्या मित्राला जी पत्रे लिहिली त्यांत सभागृहाची रचना, हवेची सोय, उपकरणांची मांडणी, आकृत्या, वक्त्याची उभे राहण्याची ढब आणि व्याख्यानाची लांबी ह्या सर्वांचा ऊहापोह आहे. व्याख्यान एका तासाहून लांबू नये असे त्यांचे मत होते. त्या वेळी त्यांचे वय अवघे एकवीस वर्षांचे होते आणि व्याख्याता म्हणून त्यांना काहीच अनुभव नव्हता. जे लिहिले ते श्रोत्यांत बसून, श्रोत्यांची अडचण ओळखून लिहिले. ही गोष्ट लक्षणीय आहे.

पुढे रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ पासून तरुण श्रोत्यांसाठी नाताळच्या व्याख्यानमाला सुरू झाल्या. त्यांपैकी एकोणीस माला १८२७ ते १८६० ह्या काळात फॅराडे ह्यांनी गुंफल्या. साध्या मेणबत्तीवरील त्यांची माला १८६१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. व्याख्यान चालू असताना सावकाश बोलण्याची आठवण देणारे पत्रक ते आपल्या समोर ठेववीत, अशी नोंद त्यांच्या चरित्रकारांनी केली आहे. हातातील दगड सोडला तर तो खाली पडेल हे प्रत्येकाला ठाऊक असते. तरीही तसे म्हणावयाचे असेल तर दगड प्रत्यक्ष सोडून दाखवावा, श्रोत्याला काही ठाऊक आहे असे गृहीत धरू नये, आणि कानाबरोबर डोळ्यालाही विषय पुरवावा, असा त्यांचा उपदेश असे.

ह्या उपदेशाचे मर्म संगणकाच्या पाठाला तंतोतंत लागू पडते. निवेदक ‘आता ही फाइल सेव्ह करा’ असे म्हणतो आणि स्वतः मात्र कळफलकावरील दोन कळा दाबून मोकळा होतो. पडद्यावर काहीच घडलेले दिसत नाही. सांगितले गेले, पण दगड सोडला गेला नाही. फॅराडे ह्यांच्यासमोर अर्धवर्तुळाकार बाकांवर श्रोते बसलेले असत, आणि तरीही त्यांना वेगाची आठवण देणारे पत्रक लागे. ज्याच्यासमोर कोणीच बसलेले नाही त्याला असल्या पत्रकाची गरज किती अधिक असेल, ह्याची कल्पना सहज करता येईल.

३

संगणकाच्या प्रात्यक्षिकाच्या इतिहासात ९ डिसेंबर १९६८ ह्या दिवसाला विशेष स्थान आहे. त्या दिवशी सॅन फ्रान्सिस्को येथील संगणक-परिषदेत स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटचे डग्लस एंगलबार्ट ह्यांनी सुमारे हजार श्रोत्यांपुढे नव्वद मिनिटांचे प्रात्यक्षिक सादर केले. ज्या संगणकावर ते काम करीत होते तो सभागृहात नव्हताच. तो सुमारे तीस मैल दूर मेन्लो पार्क येथे होता. एंगलबार्ट ह्यांनी दाबलेल्या कळांचे संकेत दूरध्वनीच्या तारेवरून तेथे जात, आणि तेथील पडद्याचे चित्र सूक्ष्मतरंगांच्या दुव्यांवरून परत येऊन सभागृहातील भव्य पडद्यावर पडे. ह्या सर्व यांत्रिक व्यवस्थेचे सूत्रचालन त्यांचे सहकारी बिल इंग्लिश सभागृहात बसून करीत होते. माउस, एका मजकुरातून दुसऱ्या मजकुराकडे नेणारे दुवे, दूरच्या सहकाऱ्याचा चेहरा व आवाज, आणि दोघांनी मिळून पाहावयाचा एकच पडदा ह्या गोष्टी तेथे एकत्र दाखविण्यात आल्या. आजच्या वेबिनारची बहुतेक अंगे त्या नव्वद मिनिटांत बीजरूपाने आढळतात.

निवेदनाच्या दृष्टीने पाहता त्या प्रात्यक्षिकातील संयम उल्लेखनीय आहे. एंगलबार्ट ह्यांचा स्वर शांत होता. आरंभी त्यांनी कोऱ्या पडद्यावर काही शब्द लिहून दाखविले; नंतर बाजारातून आणावयाच्या जिनसांची यादी घेतली, तिची वर्गवारी केली, आणि घरी जाताना कोठे कोणते काम उरकावयाचे ते नकाशावर मांडले. विषय अपरिचित असला म्हणजे उदाहरण परिचित असावे, हे तत्त्व त्यांनी पाळले. श्रोत्यांनी उभे राहून त्यांचे अभिनंदन केले.

परंतु हे प्रदर्शन होते, शिक्षण नव्हे. संगणक ही माणसाच्या विचाराला साहाय्य करणारी वस्तू होऊ शकते ही खात्री पटविणे हा त्याचा हेतू होता आणि तो सफल झाला. त्या सभागृहातून बाहेर पडलेल्या श्रोत्याला ती यंत्रणा चालविता आली असती असे मात्र नव्हे. एंगलबार्ट ह्यांच्या डाव्या हाताखालील पाच कळांच्या फलकावर अक्षरांसाठी कळांचे निरनिराळे मेळ पाठ करावे लागत, आणि यंत्रणा अंगवळणी पडण्यास दीर्घ सराव लागे. माउस सामान्य ग्राहकांच्या हाती मोठ्या प्रमाणावर पोहोचला तो १९८४ साली ॲपलचा मॅकिंटॉश बाजारात आल्यानंतर. कुशल हाताने केलेली कृती पाहणाऱ्याला सोपी भासते. ते सोपेपण हाताचे असते, कृतीचे नसते. पुढील काळातील असंख्य पाठांनी एंगलबार्ट ह्यांच्या प्रदर्शनाचे बाह्य रूप उचलले आणि तेच शिक्षणाचे रूप मानले.

४

न दिसणाऱ्या विद्यार्थ्याला शिकविण्याचा प्रश्न संगणकापूर्वी चित्रवाणीपुढे उभा राहिला होता. ब्रिटनमधील मुक्त विद्यापीठाला १९६९ साली सनद मिळाली आणि १९७१ पासून त्याचे अध्यापन सुरू झाले. तेथे पाठ्यक्रम एकट्या प्राध्यापकाकडे न सोपविता तो विषयतज्ज्ञ, शिक्षणतज्ज्ञ व बी. बी. सी. चे निर्माते ह्यांच्या मंडळाकडून तयार करून घेण्याची प्रथा पडली. भारतात १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ ह्या वर्षात उपग्रहाच्या द्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत शैक्षणिक कार्यक्रम दाखविण्याचा प्रयोग झाला, तेव्हा प्रेक्षकांचा अभ्यास हे त्या प्रयोगाचे एक अंगच होते. वक्ता प्रेक्षकाला पाहू शकत नसेल तर त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी तरी पाहिले पाहिजे, ही जाणीव ह्या दोन्ही उपक्रमांच्या मुळाशी होती.

पडद्यावरील हालचाली आणि निवेदकाचा आवाज एकत्र मुद्रित करण्याची साधने १९९० च्या दशकात सामान्य संगणकावर आली आणि २००० नंतर ती पुष्कळच स्वस्त व सुलभ झाली. अशा मुद्रणाला ‘स्क्रीनकास्ट’ हे नाव २००४ साली जॉन युडेल ह्या पत्रकाराने आपल्या वाचकांकडून मागवून रूढ केले. पुढच्याच वर्षी यूट्यूब अस्तित्वात आले. मंडळ, निर्माता, चाचणी ह्यांपैकी काहीही नसताना एकट्या माणसाला आता पाठ तयार करता येऊ लागला. ही सुलभता म्हणजे मोठाच लाभ होता. पण चित्रवाणीच्या काळात महत्प्रयासाने उभी केलेली परीक्षणाची व्यवस्था तिच्याबरोबर गळून पडली.

ह्या काळातील दोन उदाहरणे परस्परांशी ताडून पाहण्याजोगी आहेत. डेव्हिड हाइनमायर हॅन्सन ह्यांनी २००५ साली ‘रुबी ऑन रेल्स’ ही आपली प्रणाली वापरून पंधरा मिनिटांत एक संपूर्ण ब्लॉग उभा करून दाखविला. त्या चित्रफितीने प्रणालीची कीर्ती जगभर पसरली. तिचा वेग हाच तिचा युक्तिवाद होता, आणि प्रदर्शन म्हणून तो योग्यच होता. दुसरे उदाहरण सलमान खान ह्यांचे. त्यांनी २००४ साली दूरच्या गावी राहणाऱ्या आपल्या नात्यातील बहिणीला दूरध्वनीवरून गणित शिकविण्यास आरंभ केला, आणि मग २००६ पासून ते पाठ यूट्यूबवर ठेवले. काळ्या पार्श्वभूमीवर हाताने उमटणारी रंगीत अक्षरे आणि न दिसणाऱ्या शिक्षकाचा आवाज एवढीच त्यांची सामग्री होती. तरीही शेजारी बसून कोणी समजावून सांगत आहे असा भास त्या पाठांतून होतो. कारण ती ढब एका खऱ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नांना उत्तरे देताना घडलेली होती.

५

ह्या विषयाची प्रायोगिक बाजूही उद्बोधक आहे. आय. बी. एम. च्या वॉटसन संशोधन केंद्रातील जॉन कॅरल व त्यांचे सहकारी ह्यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी, कार्यालयांत काम करणारी माणसे लेखनाची सॉफ्टवेअरे कशी शिकतात ह्याचे निरीक्षण केले. शिकणारा माणूस सूचना क्रमाने वाचीत बसत नाही. तो लगेच आपले काम करू पाहतो, चुकतो, आणि चुकीतून बाहेर कसे पडावे हे न कळल्याने अडकतो, असे त्यांना आढळले. कॅरल ह्यांच्या १९९० च्या ग्रंथात ह्यावरून निघालेला निष्कर्ष असा की, सूचना थोड्या असाव्यात, उदाहरण खऱ्या कामाचे असावे, आणि चूक ओळखून ती सुधारण्याचा मार्ग पाठातच दाखविलेला असावा.

मिशिगन विद्यापीठातील सुझन पामिटर व जे एल्कर्टन ह्यांचे १९९० च्या दशकारंभीचे प्रयोग ह्याहून सूचक आहेत. त्यांनी काही जणांना एक सॉफ्टवेअर पडद्यावरील चलत्-प्रात्यक्षिकाने आणि इतरांना लेखी सूचनांनी शिकविले. शिकण्याच्या वेळी प्रात्यक्षिक पाहणारे अधिक जलद व अधिक अचूक ठरले. पण एका आठवड्यानंतर हे श्रेष्ठत्व टिकले नाही, आणि लेखी सूचनांवरून शिकलेले वेगात त्यांच्या पुढे गेले. वाचणाऱ्याला प्रत्येक सूचनेचा अर्थ लावून ती कृतीत उतरवावी लागली होती. पाहणाऱ्याला केवळ अनुकरण पुरले होते. पाहून ‘समजले’ असे वाटणे आणि करता येणे ह्यांतील अंतर येथे उघड झाले.

फिलिप ग्वो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एडएक्स ह्या संस्थेच्या चार पाठ्यक्रमांतील ८६२ चित्रफिती आणि त्या पाहिल्याच्या ६९ लक्ष नोंदी तपासण्यात आल्या. चित्रफीत कितीही लांब असली तरी विद्यार्थी ती सामान्यतः सहा मिनिटांहून अधिक काळ पाहत नाही. खर्चिक स्टुडिओतील चित्रणापेक्षा मेजाशी बसून केलेले साधे चित्रण पुष्कळदा अधिक धरून ठेवते. आणि व्याख्यानाची फीत एकदा सलग पाहिली जाते, तर कृती शिकविणारी फीत मागेपुढे करीत पुन्हा पुन्हा पाहिली जाते, असे त्यात दिसून आले. त्याच अभ्यासात जलद व उत्साही बोलणाऱ्यांकडे विद्यार्थी अधिक काळ लक्ष देतात असेही आढळले. हा निष्कर्ष फॅराडे ह्यांच्या सावधगिरीशी विसंगत वाटेल. परंतु लक्ष टिकणे म्हणजे विद्या टिकणे नव्हे. पाहण्याचा काळ मोजणाऱ्या अभ्यासातून पहिली गोष्ट कळते, दुसरी कळत नाही. शिवाय विचार ऐकविताना वेग शोभतो, तर हाताची कृती दाखविताना पाहणाऱ्याच्या हातालाही वेळ द्यावा लागतो.

सॉफ्टवेअरच्या पाठांना आणखी एका संकटाला तोंड द्यावे लागते. मेणबत्ती १८६० मध्ये जशी जळत होती तशीच आजही जळते. सॉफ्टवेअरचे तसे नाही. मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या २००७ च्या आवृत्तीत परिचित मेनू जाऊन त्यांच्या जागी नवी पट्टी आली, आणि जुने पाठ एकदम परके झाले. पायथन ह्या संगणकीय भाषेची तिसरी मुख्य आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये निघाली आणि दुसरीचा सांभाळ १ जानेवारी २०२० रोजी थांबला. दुसऱ्या आवृत्तीत ‘प्रिंट’ ह्या आज्ञेपुढील मजकूर कंसाविना चालत असे. तिसरीत कंस अनिवार्य झाला. जुना पाठ पाहून अक्षरन् अक्षर तसेच लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला यंत्र चूक दाखविते, आणि पाठात आवृत्तीचा उल्लेख नसेल तर ती चूक कोणाची हे त्याला कळण्याचा मार्ग उरत नाही. एकाकी विद्यार्थी अशा वेळी दोष स्वतःच्या बुद्धीला देतो. वर्गात दहा जण एकदम अडले तर शिक्षकाला आपली चूक उमगते. आपापल्या घरी दहा हजार जण अडले तरी त्यांतील प्रत्येक जण स्वतःलाच मंद समजतो. निवेदनाच्या गुणवत्तेचा प्रश्न सौंदर्याचा नसून न्यायाचा आहे, तो ह्यामुळे.

६

ह्या संदर्भात मुंबईतील पवई येथे झालेले कार्य विशेष विचारार्ह आहे. भारत सरकारने २००९ साली माहिती-तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाचे राष्ट्रीय अभियान हाती घेतले. त्याच्या साहाय्याने आय. आय. टी. मुंबई येथे रसायन अभियांत्रिकीचे प्राध्यापक कण्णन मौद्गल्य ह्यांच्या नेतृत्वाखाली ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प उभा राहिला. लिनक्स, लिबरऑफिस, सायलॅब, लाटेक, पायथन अशी मुक्त सॉफ्टवेअरे शिकविणारे सुमारे दहा-दहा मिनिटांचे पाठ तयार करावयाचे, आणि त्यांचे निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत करावयाचे, असे त्याचे स्वरूप आहे.

ह्या प्रकल्पात पाठाची संहिता मुद्रणापूर्वी लिहून काढली जाते. तिचे दोन रकाने असतात : एकात पडद्यावर काय दिसावयाचे ते, आणि दुसऱ्यात त्याच वेळी काय बोलावयाचे ते. ती पूर्ण झाल्यावर विषयाचा गंध नसलेल्या नवशिक्याकडे दिली जाते. त्याला केवळ तिच्या आधारे काम करता आले, तरच पुढचे पाऊल पडते. नवशिक्याच्या ह्या परीक्षणात वर वर्णिलेली हरवलेली दृष्टी परत मिळविण्याचा प्रत्यक्ष उपाय आहे. जो चेहरा मुद्रणाच्या वेळी दिसणार नाही, तो आधीच समोर आणून बसविला जातो. पाठाच्या आरंभी उद्दिष्टे, लागणारे पूर्वज्ञान आणि वापरलेल्या सॉफ्टवेअरची आवृत्ती सांगितली जाते. विद्यार्थ्याने पडद्याच्या एका बाजूस पाठ व दुसऱ्या बाजूस प्रत्यक्ष सॉफ्टवेअर ठेवावे, पाठ थांबवून कृती करावी, आणि मगच पुढे जावे, अशी अपेक्षा असते. पामिटर व एल्कर्टन ह्यांना आढळलेल्या निष्क्रिय अनुकरणावर हा बऱ्याच अंशी उतारा आहे.

भाषेच्या अंगाने ह्या पाठांत एक प्रश्न उद्भवतो. आवाज मराठी असला तरी पडद्यावरील मेनू इंग्रजीच राहतात. अशा स्थितीत निवेदकाने ‘जतन करा’ असे शुद्ध मराठीत म्हटले, तर विद्यार्थी तो शब्द पडद्यावर शोधीत राहील. ‘सेव्हवर क्लिक करा’ असे म्हटले तर डोळा आणि कान एकाच शब्दावर येतील. परिभाषेविषयीचा अभिमान येथे थोडा बाजूस ठेवावा लागतो. ह्याउलट वाक्यरचनेच्या बाबतीत मराठीला एक नैसर्गिक सोय आहे. इंग्रजीत ‘क्लिक’ हे क्रियापद आधी येते आणि जागेचे नाव मागाहून येते. मराठीत ‘फाइल मेनूवर क्लिक करा’ असे म्हणताना जागा आधी ऐकू येते व क्रिया शेवटी. दृष्टी स्थिरावल्यावर हाताला आज्ञा मिळते. ‘आता मी येथे क्लिक करतो’ आणि ‘आता येथे क्लिक करा’ ह्या दोन वाक्यांतही प्रदर्शन व प्रात्यक्षिक ह्यांच्यातील भेद प्रतिबिंबित होतो. पहिल्यात कर्ता निवेदक आहे, दुसऱ्यात विद्यार्थी.

ह्याच संस्थेत प्राध्यापक दीपक फाटक ह्यांच्या मार्गदर्शनाखाली अभियांत्रिकी महाविद्यालयांतील शिक्षकांसाठी ज्या दूरस्थ कार्यशाळा झाल्या, त्यांत ह्या प्रश्नाचे दुसरे उत्तर सापडते. व्याख्यान पवईहून थेट प्रक्षेपित होई. शिक्षक मात्र देशभरच्या केंद्रांवर एकत्र जमत, आणि तेथील समन्वयकाला आधी प्रशिक्षण दिलेले असे. व्याख्यान दूरचे, पण सरावाच्या वेळी खांद्यावरून पाहणारा डोळा जवळचा, अशी ही विभागणी होती.

७

वेबिनारमध्ये वक्ता व श्रोते एकाच वेळी उपस्थित असतात; म्हणून तेथे तरी ही उणीव नसावी असे वाटते. अनुभव निराळा आहे. ‘वेब’ आणि ‘सेमिनार’ ह्यांच्या संयोगाने हा शब्द १९९० च्या दशकात बनला, आणि प्रथम व्यापारी कंपन्यांनी आपला माल ग्राहकांपुढे मांडण्यासाठी हे साधन मोठ्या प्रमाणावर वापरले. प्रदर्शनाचा संस्कार त्यावर जन्मापासूनच आहे. शेकडो श्रोत्यांचे आवाज बंद असतात, बहुतेकांचे चेहरे दिसत नाहीत, आणि वक्ता स्वतःच्याच पडद्याकडे पाहून बोलत राहतो. १९८७ साली बाजारात आलेल्या पॉवरपॉइंटच्या पट्टिका येथे वक्त्याच्या आधाराला येतात. पण त्यांवरील तुटक मुद्दे विचाराची साखळी कशी तोडतात हे एडवर्ड टफ्टी ह्यांनी २००३ सालच्या निबंधात दाखविले आहे. सॉफ्टवेअर शिकविताना पट्टिकांचा दोष अधिकच जाणवतो, कारण त्यांवर कृतीचे स्थिर चित्र असते, कृती नसते.

त्यात यांत्रिक मर्यादांची भर पडते. चलत्-चित्र दूर पाठविताना ते संक्षिप्त करावे लागते, आणि संक्षेपाच्या प्रचलित रीतींत प्रकाशापेक्षा रंगाचा तपशील कमी राखला जातो. माणसाच्या चेहऱ्याच्या चित्रात ते खपून जाते. बारीक रंगीत अक्षरांच्या कडा मात्र पुसट होतात. वक्त्याच्या मोठ्या पडद्यावर सुवाच्य असलेला मजकूर विद्यार्थ्याच्या दूरध्वनीच्या तळहाताएवढ्या पडद्यावर मुंगीएवढा होतो. आवाजाचेही तसेच. संभाषण सहज चालावे म्हणून ध्वनी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे १५० सहस्रांश सेकंदांच्या आत पोहोचावा, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचा दंडक आहे. विलंब वाढला की दोघे एकदम बोलू लागतात व दोघेही थांबतात. ‘समजले ना?’ ह्या प्रश्नानंतरची शांतता मग संमतीची की विलंबाची हे वक्त्याला ओळखता येत नाही, आणि तो पुढे जातो.

मार्च २०२० मध्ये भारतात टाळेबंदी लागू झाली आणि शाळा-महाविद्यालयांचे सर्व अध्यापन एकाएकी ह्या माध्यमात ढकलले गेले. झूम ह्या एकाच सेवेवरील सभांत दररोज सहभागी होणाऱ्यांची संख्या डिसेंबर २०१९ मध्ये सुमारे एक कोटी होती. ती एप्रिल २०२० मध्ये तीस कोटींवर गेली. साधन पोहोचले, पण संहिता, नवशिक्याचे परीक्षण, जवळचा समन्वयक ह्यांपैकी काहीही त्याबरोबर पोहोचले नाही. त्या काळात शिक्षकांनी घेतलेले श्रम नाकारता येत नाहीत. तथापि माध्यम हाती आले म्हणजे पद्धतीही हाती आली असे होत नाही, हा धडा त्या दोन वर्षांनी दिला.

८

ह्या दोन शतकांच्या आढाव्यातून एक गोष्ट निष्पन्न होते. प्रत्येक नव्या साधनाने दाखविण्याची शक्ती वाढविली आणि पाहणाऱ्याला पाहण्याची संधी घटविली. सभागृहातील बाकांवरून चित्रवाणीकडे, चित्रवाणीकडून मुद्रित पाठाकडे, आणि तेथून बंद आवाजांच्या सभेकडे येताना शिकणाऱ्याचा चेहरा टप्प्याटप्प्याने दूर गेला. ज्या उपक्रमांनी ही हानी ओळखून तिच्या जागी काही योजना उभी केली, ते साध्या सामग्रीनेही सफल झाले. ज्यांनी ती ओळखली नाही, त्यांच्या हाती उत्तम ध्वनिग्राहक व प्रकाशयोजना असूनही प्रदर्शनच उरले.

म्हणून सॉफ्टवेअरच्या पाठाची परीक्षा करताना निवेदक किती चांगले बोलला हा प्रश्न दुय्यम मानावा लागेल. दूरच्या तालुक्यातील महाविद्यालयात, विचारावयास जवळ कोणी नसताना, जो विद्यार्थी तो पाठ उघडून बसला आहे त्याला पाठ संपल्यावर ते काम स्वतः करता आले की नाही, आणि तो अडला तर तो अडेल हे कोणी आधी पाहून ठेवले होते की नाही, हे दोन प्रश्न आधी विचारावयाचे आहेत. त्यांची उत्तरे होकारार्थी असतील तर निवेदनातील लहानसहान उणिवा क्षम्य ठरतात. ती नकारार्थी असतील तर कितीही सुबक पाठ त्या विद्यार्थ्याच्या पदरी स्वतःविषयीच्या निराशेखेरीज काही टाकीत नाही.